पिठाची चाळणी

सातवीच्या वर्गाला मी दर वर्षी कळीचा चुना विरवून दाखवते. लोखंडी घमेल्यात चार पांढरे खडे ठेवते आणि वरून पाणी शिंपडते. आधी काहीच होत नाही. मुली कंटाळतात, मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. मग एक खडा आतून तडकतो, वाफ निघते, खडा फुगत जातो, आणि पहिल्या बाकावरच्या मुली किंचाळत मागे सरकतात. मी म्हणते, "घाबरायचं नाही, चुना पाणी पितो आहे." मलकापूरच्या शाळेत बावीस वर्षं हे वाक्य म्हणते आहे. हा प्रयोग एक दिवस माझ्यावरच होईल, आणि तोही टीव्हीवर, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी मुळातच भित्री आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. वर्गात माझा आवाज मोठा असतो, मुली मला टरकतात, पण मुख्याध्यापकांनी नुसतं "जरा येऊन जा" म्हटलं तरी मी दारातच दोनदा पदर सारखा करते. फोन वाजला की आधी वाईट बातमीच आठवते. लोक म्हणतात, वय वाढलं की भीती कमी होते. माझी वाढली. त्या भीतीतून जरा सुटका मिळाली ती मातीत हात घातला तेव्हा. म्हणून तर हे सगळं घडलं.

एका उन्हाळ्यात मी वडनेर भोलजीला माठ घ्यायला गेले होते. रस्त्याकडेला एक म्हातारी बसली होती, पुढे माठ मांडलेले. मी एक माठ काठाला धरून उचलला, तशी तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"काठाले नाही धरत, बाई. गयाले धरून कोनी लेकरू उचलते का?"

मग तिनं माठ मांडीवर घेतला, बोटाच्या पेरानं वाजवला. टण्ण आवाज आला. "आयकलं? हा बोलते. जो बोलत नाही तो घ्याचा नाही." मी शाळेत मास्तरीण, मला कोणी असं शिकवून वर्षं लोटली होती. मला ते फार आवडलं. पुढच्या रविवारी मी परत गेले, माठ नको असताना. त्याच्या पुढच्याही.

तिला सगळं गाव माय म्हणत असे. मीही म्हणू लागले. नवरा गेल्यापासून तिचं चाक परसात उलटं पडलं होतं. त्यांच्याकडे बायका चाकावर बसत नाहीत. पुरुषानं चाकावरून ओबडधोबड गाडगं उतरवून द्यायचं, आणि बाईनं आत दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत त्याचा माठ करायचा. आता चाकाचं काम दीर करून देत असे, ठोकायचं काम तिचंच. तिच्या थापीचा आवाज मला अजून कानात आहे. मी ठोकायला तिच्याकडून शिकले. चाकावर बसायला मोबाईलवर पाहून शिकले, मलकापूरच्या घरी, गच्चीवर, छोटं मोटरचं चाक आणून. मायला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बस बस. तुह्या घरी कोन पाह्यते."

पण तिनं पहिले दोन महिने मला ना ठोकू दिलं ना घडवू दिलं. फक्त माती चाळायला लावली. तिची खदान नाल्याकाठी होती. त्या मातीत चुनखडीचे बारके खडे असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे, काही तर रव्याच्या कणाएवढे. माय माती वाळवायची, कुटायची आणि जुन्या लुगड्याच्या विरलेल्या पदरातून गाळायची. पदरावर जे राहील ते लांब फेकायची. "हा पांढरा खडा म्हंजे चोर," ती म्हणायची. "भट्टीत गुमान बसते. भट्टीतून निघाला का मंग पानी शोधते. पानी भेटलं का माठ फोडून बाहेर येते." कधी शंका वाटली तर ती भट्टीतून गरम माठ काढायची आणि तसाच पाण्यात बुडवायची. चुना आतल्या आत विरून जायचा, फुगायला जागाच मिळायची नाही. मी हे सगळं ऐकलं, मान हलवली आणि मनात म्हटलं, अरे वा, हा तर आपला सातवीचा प्रयोग. मला समजलं या आनंदात मी ते विसरून गेले. शिक्षकांचं असं होतं.

हौशी कुंभारांच्या स्पर्धेचा कार्यक्रम एका वाहिनीवर येणार होता. माझ्या भाचीनं मला न विचारता माझा एक व्हिडिओ तिकडे पाठवून दिला. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी आधी घाबरले, मग भाचीवर ओरडले, मग दोन दिवस आरशात पाहून बोलायची तालीम केली. अर्जात एक अट होती: ज्याचं पोट या धंद्यावर आहे त्याला भाग घेता येणार नाही. मी हे मायला वाचून दाखवलं.

"म्हंजे मले नाही घेत?" तिनं विचारलं.

"नाही, माय. फक्त हौशी लोक."

"हौशी म्हंजे ज्याले माठ फुटला तरी भाकर भेटते तो," ती म्हणाली आणि हसत सुटली. तिला खरंच गंमत वाटली होती. मला मात्र त्या दिवसापासून थोडं चोरल्यासारखं वाटू लागलं.

पहिल्या तीन फेऱ्यांतून मी तरले आणि मधल्या सुट्टीत घरी आले. चौथ्या फेरीचा विषय होता आपल्या गावची माती. प्रत्येकानं स्वतःच्या भागातली माती आणायची आणि त्यातून पाण्याचं भांडं घडवायचं. मायनं स्वतः गाळलेली, मळलेली माती ओल्या पोत्यात बांधून माझ्याकडे दिली. पोतं रिक्षात ठेवताना ती म्हणाली, "पन्नास वर्षं झाली मले थापी धरून. माह्या मातीचं एक मडकं वापस नाही आलं, बाई. एक नाही. जपजो."

मी जपलं नाही. निघायला आठ दिवस होते, आणि भीतीनं मला नुसतं बसवेना. रोज शाळेतून आले की गच्चीवर जाऊन एक माठ घडवायची. पहिला बसला, दुसरा वाकडा झाला, तिसऱ्याचा काठ फाटला. परत मळून वापरायची ती माती धूळ आणि केसांनी इतकी खराब झाली की फेकावी लागली. चार दिवसांत पोतं अर्ध्याच्या खाली आलं. आता मायकडे परत जाऊन मागायची तर तिला सांगावं लागणार की तू जपायला दिलेली माती मी उधळली. ती रागावणार नव्हती, मला माहीत होतं. पण ती नुसती माझ्याकडे पाहील, याचीच मला भीती वाटली. म्हणून मी वडनेरला गेले ती तिच्या घराकडे न वळता थेट नाल्याकाठी. तिच्याच खदानीतून माती खणली, घरी आणून गच्चीवर वाळवली, कुटली. जुनं लुगडं माझ्याकडे नव्हतं. स्वयंपाकघरात पिठाची चाळणी होती. मी म्हटलं, पीठ चाळलं जातं तर माती का नाही. चाळलेली माती मी मायच्या मातीत मिसळली आणि मळून एक केली. विज्ञानाची शिक्षिका, आणि रव्याएवढा खडा पिठाच्या चाळणीतून आरामात जातो हे मला दिसलं नाही. दिसलं असावं. मी बघितलं नाही.

मुंबईजवळच्या त्या स्टुडिओत आम्ही सहा जण उरलो होतो. एक दंतवैद्य, एक बँकेतले निवृत्त साहेब, दोन कॉलेजच्या मुली, एक शिवणकाम करणाऱ्या ताई आणि मी. सगळे गोड बोलत आणि एकमेकांच्या मातीकडे तिरक्या नजरेनं पाहत. त्या आठवड्यात मी सुंदर काम केलं. हे मी खोट्या विनयानं लपवणार नाही. चाकावरून गाडगं उतरवलं आणि थापी घेऊन ठोकायला बसले, तेव्हा कॅमेरे बाकीच्यांना सोडून माझ्याकडे आले. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी सगळं सांगितलं: वडनेरची माय, तिची खदान, तिचं लुगडं, पन्नास वर्षांत परत न आलेलं मडकं. "ही तिचीच माती आहे," मी छातीवर हात ठेवून म्हणाले. बाहेर पाऊस लागला होता आणि माझ्या मनात इतकं सुख होतं की मला माझीच ओळख पटत नव्हती.

माठ वाळला, विजेच्या भट्टीत भाजला, लालबुंद निघाला. परीक्षण दोन दिवसांनी होतं, कारण बाकीच्यांच्या भांड्यांना झिलई चढवून परत भाजायचं होतं. माझा माठ साधा, तो तसाच फळीवर ठेवला गेला. शेजारी मी त्याच मातीची एक छोटी पणती ठेवली होती, भाचीसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या फळीपाशी उभी होते. चट् असा बारीक आवाज आला. नख मोडावं एवढाच. पणतीच्या बाजूवरून मातीची एक टिकली उडून फळीवर पडली होती, आणि जिथून ती उडाली तिथे खड्ड्यात पांढरा ठिपका होता.

मी ती टिकली उचलली, मुठीत लपवली. त्या क्षणी मला सगळं कळलं: पिठाची चाळणी, रव्याएवढे खडे, ही दमट हवा. समुद्राकाठचा पावसाळा. माझ्या माठात असे किती चोर बसले असतील याचा हिशेब डोकं करू लागलं आणि थांबेना. भट्टीतून काढल्याबरोबर पाण्यात बुडवलं असतं तर निभावलं असतं. आता रात्रभर त्यांनी हवेतलं पाणी प्यायलं होतं. तरी मी चित्रीकरण सांभाळणाऱ्या मुलीला विचारलं, माठ जरा पाण्यात ठेवू का?

"मॅडम, परीक्षण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "शॉट जुळले पाहिजेत ना."

ते दीड दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कुणी खुर्ची सरकवली तरी मी दचकायची. दर तासाला काही ना काही निमित्त काढून फळीपाशी जायची, माठाला न शिवता त्याच्याभोवती फिरायची, कान देऊन ऐकायची. तो गप्प होता. गप्प असला की वाटायचं सुटले, आणि लगेच वाटायचं, खडा आधी गप्पच असतो. मीच मुलींना दर वर्षी दाखवते. शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या, "तुम्ही कशाला घाबरता, तुमचाच सर्वांत छान आहे." मला त्यांना मिठी मारून रडावंसं वाटलं. पण मी हसले.

परीक्षणाच्या वेळी माठ पांढऱ्या कापडावर ठेवला. दाढीवाले परीक्षक समोर आले, त्यांनी माठाची खूप स्तुती केली, मग म्हणाले, "पाण्याचं भांडं आहे, पाणी तर भरलंच पाहिजे." कुणीतरी तांब्या आणला. पाणी आत पडताना मी मोजत होते. एक, दोन, तीन. काही झालं नाही. परीक्षक वाकून पाहत होते आणि मला वाटलं, वाचले. मग माठाच्या पोटावर चट् झालं. टिकली उडून कापडावर पडली. मग आणखी एक, गळ्यापाशी. मग खालून पाण्याची एक बारीक रेघ निघाली आणि कापड भिजत गेलं. सगळे कॅमेरे आत सरकले.

"हे काय झालं?" परीक्षकांनी विचारलं. आवाज कठोर नव्हता. ते खरंच विचारत होते. "मातीत दोष आहे का?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार शब्दांचं होतं. चाळणी जाड होती माझी. पण दिवे डोळ्यांत घुसत होते, सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं:

"तिकडची माती तशीच असते, सर."

परीक्षकांनी मान हलवली. बाजूच्या परीक्षक बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोष जमिनीचा आहे, हाताचा नाही," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढच्या फेरीत घेतलं. शिवणकामवाल्या ताई त्या दिवशी बाहेर पडल्या. पाचव्या फेरीत मी हरले, आणि हरल्याचा मला इतका आनंद झाला की मुलाखत घेणारी मुलगी गोंधळून गेली.

आता खरी भीती सुरू झाली. कार्यक्रम चार महिन्यांनी दिसणार होता आणि तोपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही अशा कागदावर मी सही केली होती. खरं सांगायचं तर तो कागद मला बरा सापडला. मायनं विचारलं की मी म्हणायची, "सांगता येत नाही, माय, सही केली हाय." ती म्हणायची, "नको सांगू, नको सांगू. पाहूनच घेऊ." आणि बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "आमची माती टीव्हीवर येऊन राह्यली." तिच्या तोंडून ते ऐकलं की माझ्या पायाखालची जमीन सरकायची.

मी तीनदा तिला सांगायला म्हणून निघाले. एकदा नांदुरा रोडवरून परत फिरले. एकदा तिच्या दारापर्यंत गेले आणि थापीचा आवाज ऐकून पळून आले. एकदा तर समोर बसले, "माय, एक सांगायचं आहे" इथपर्यंत बोलले, आणि ती इतक्या मायेनं "काय गं?" म्हणाली की मी रजेच्या अर्जाचं काहीतरी बोलून उठले. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, गोळी लिहून दिली. गोळीनं फरक पडला नाही. मी एकच आशा धरून होते: टीव्हीवाले कापतात. किती तास चित्रण करतात, दाखवतात किती थोडं. ते एक वाक्य कापलं जाईल. मी देवाकडे मागितलं ते एवढंच. माठ फुटलेला दाखव, माझं नाक काप, पण ते वाक्य काप.

चौथा भाग एका रविवारी सकाळी अकराला दिसला. मायच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. सुनेनं सतरंज्या घातल्या होत्या, दीर, भावकी, शेजारपाजार, पलीकडच्या गल्लीतल्या बाया, सगळे. मायनं मला आपल्याजवळ बसवलं, माझा हात हातात घेतला. तिचा हात कोरडा आणि खरखरीत होता, माझा घामानं ओला. टीव्हीवर मी ठोकताना दिसले तेव्हा सगळे ओरडले. मी पडद्यावर मायचं सांगू लागले, लुगडं, पन्नास वर्षं, तेव्हा बायांनी मायला डिवचलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी उठून जायचं ठरवलं, पण ती हात सोडेना.

माठ फुटला. त्यांनी तो तीनदा दाखवला, सावकाश, टिकली उडताना. मग परीक्षकांचा प्रश्न. मग माझा चेहरा, पूर्ण पडदाभर. आणि मग ते वाक्य. त्यांनी ते कापलं नव्हतं. त्याच्याखाली दुःखाचं संगीत घातलं होतं.

सगळ्या माना मायकडे वळल्या. तिच्या हाताची पकड सैल झाली, पण हात तिनं काढला नाही. दीर काहीतरी बोलायला लागला, तशी ती मोठ्यानं म्हणाली, "हाव. खरं हाय. आपली माती तशीच हाय." मग सगळ्यांकडे हात करत सुनेला म्हणाली, "चहा ठेव बंद्याले."

लोक गेल्यावर ती माझ्याकडे वळली. सून आत भांडी घासत होती.

"कायनं चाळली होती?"

"पिठाच्या चाळणीनं."

"बुडवला नाही?"

"नाही."

"मंग तसं काऊन नाही सांगतलं?"

"मले भेव वाटलं, माय."

"कोनाचं? त्या दाढीवाल्याचं?" तिला खरंच कळत नव्हतं. "तो काय करनार होता तुले?"

मी तिच्या पायांशी वाकले, तर तिनं पाय मागे घेतले. मी विचारलं, "मग तू सगळ्यांसमोर हाव काऊन म्हनली?"

"माह्या घरी बसली होती तू," ती म्हणाली. "घरी बसलेल्या मानसाले चार लोकांत खोटं कसं पाडू?" आणि मग, दाराकडे बघत: "बाजाराच्या दिवशी येजो. माह्याजवळ बसजो."

मला वाटलं, तिनं माफ केलं, लोकांना दाखवायचं असेल की आमच्यात काही बिनसलं नाही. बाजाराच्या दिवशी मी बसमधून उतरून तिच्याजवळ पोत्यावर बसले. अर्ध्या तासात भोवती गर्दी जमली. पण ती माठाभोवती नव्हती, माझ्याभोवती होती. "टीव्हीवाल्या मॅडम ना?" पोरी माझ्याजवळ बसून फोटो काढत. एक बाई तर माझ्या हातात मायचाच माठ देऊन म्हणाली, "असा धरा, मस्त दिसते." फोटो काढून झाले की सगळे उठून जात. माय ओल्या फडक्यानं माठ पुसत होती. दुपारपर्यंत तिचा एक माठ गेला. एरवी एवढ्या वेळात ओळ रिकामी व्हायची.

मग एक बाई आली, सोबत लग्नाची मुलगी. तिला माठ कळत होते, ते लगेच दिसलं. काठाला न धरता तिनं पोटाखाली हात घालून माठ उचलला, पेरानं वाजवला. टण्ण. खूश झाली. मुलीला म्हणाली, "हा घेऊ." आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. तिनं माठ हळूच खाली ठेवला.

"नको," ती म्हणाली. "ही माती तशीच असते. तुम्हीच तं म्हनल्या टीव्हीवर."

मी मायकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, जशी पोतं उधळल्याचं सांगितल्यावर पाहील म्हणून मी भीत होते, अगदी तशीच. ना राग, ना मदत. तेव्हा मला कळलं की तिनं मला कशासाठी बोलावलं होतं.

"चाळणी माझी होती," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही.

"काय म्हनल्या?"

"माती मायची चांगली होती," मी म्हणाले, या वेळी वर्गातल्या आवाजात, आणि शेजारचा कांदेवाला वळून पाहू लागला. "मी तिच्यात माझी मिसळली. पिठाच्या चाळणीनं चाळलेली. म्हणून फुटला. टीव्हीवर मी खोटं बोलले."

फोटो काढायला थांबलेल्या पोरींनी मोबाईल खाली केले. ती बाई माझ्याकडे पाहत राहिली, मग मायकडे, मग माठाकडे. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होते की ती आता माठ उचलेल. तिनं नाही उचलला. "असंन बाप्पा," म्हणाली, आणि मुलीचा हात धरून पुढे गेली.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मायनं तो माठ ओळीत परत सरळ ठेवला.

"पुढच्या बाजारी बी येजो," ती म्हणाली.

"मी सांगितलं ना, माय. ती तर गेली."

"गेली तं गेली. टीव्ही बंद्या तालुक्यानं पाह्यला. तू एकीलेच सांगतलं."

तेव्हापासून मी जाते आहे. दर बाजारी मायजवळ पोत्यावर बसून तेच सांगते, आणि पहिल्या वेळी आवाज अजूनही बारीकच निघतो. काही जण ऐकून माठ घेतात, काही जण घेत नाहीत. तालुका मोठा आहे.